जिथे पावसाळा हिवाळ्यात येतो

आपल्याकडे मृगाच्या सरी पडू लागल्या, की सायप्रसमधला शेतकरी पावसाचा विचार सोडून देतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथे थेंब पडत नाही म्हटले तरी चालेल. आणि आपली रब्बीची ज्वारी निसवायला लागते त्या दिवसांत तिथले ओढे खळखळत असतात, गहू आणि जवाची शेते हिरवीगार असतात आणि डोंगराच्या माथ्यावर बर्फ साचलेले असते. नुसते पुस्तकात वाचले असते तर मी हे विसरूनही गेले असते. पण आमचा मुलगा तिथल्या लिमासोल शहरात एका जहाज कंपनीच्या कचेरीत नोकरीला आहे. त्याच्याकडे आम्ही दोघे दोन खेपा राहून आलो. एक २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आणि दुसरी २०२४ च्या भर उन्हाळ्यात. पंढरपूर तालुक्यात द्राक्षबाग करणारी आम्ही माणसे. परदेशात गेलो तरी आमची पहिली नजर आभाळाकडे आणि दुसरी मातीकडेच जाणार.

सायप्रस हे भूमध्य समुद्राच्या पूर्वेच्या कोपऱ्यातले बेट. सिसिली आणि सार्डिनिया यांच्या खालोखाल त्या समुद्रातले तिसरे मोठे. मोठे म्हणजे तरी किती? ९,२५१ चौरस किलोमीटर. आमच्या सोलापूर जिल्ह्यात ते सबंध बसवले तरी दोन-चार तालुक्यांची जागा उरेल. उत्तरेला समुद्रालगत चुनखडीच्या डोंगरांची एक अरुंद रांग आहे. तिच्या एका शिखराला पंजाच्या बोटांसारखे सुळके आहेत, म्हणून तिला 'पंचबोटी' अशा अर्थाचे नाव पडले आहे. दक्षिण-पश्चिमेला त्रोदोस नावाचा मोठा डोंगर. त्याचा माथा १,९५२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटर उंच. या दोन डोंगरांच्या मधली सपाटी म्हणजे मेसओरिया, धान्याचे कोठार. या नावाचा अर्थही 'डोंगरांच्या मधले' असाच. बारमाही वाहणारी म्हणावी अशी मोठी नदी बेटावर नाही. सर्वांत लांब नदी पेडिएओस. हिवाळ्यात ती वाहते आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रात दगडगोटे तेवढे उरतात. आमच्या माण नदीची आठवण यावी अशी.

त्रोदोसची माती आणि खडक पाहून आमचे हे बराच वेळ एक ढेकूळ हातात घेऊन उभे होते. हा डोंगर म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ. पृथ्वीच्या पोटातल्या हालचालींनी तो वर उचलला गेला आहे. समुद्राच्या तळाखालचे खडक उघड्यावर चालत पाहता येतील अशा जगातल्या थोड्या जागांपैकी ही एक. तांबेही याच खडकांत. लॅटिनमधला तांब्याचा शब्द या बेटाच्या नावावरूनच पडला. खाणींच्या भट्ट्यांसाठी हजारो वर्षे इथली झाडे तुटली. तरीही आज त्या डोंगरावर पाइनची दाट राने आहेत, हे विशेष.

आता पावसाचे. बेटावर वर्षाला सरासरी साडेचारशे ते पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. आकड्याने पाहिले तर आमच्या दुष्काळी पट्ट्याइतकाच. त्रोदोसच्या माथ्यावर तो हजाराच्या पुढे जातो आणि मेसओरियात तीनशेच्या आसपास येतो. यातला निम्म्याहून अधिक पाऊस डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या तीन महिन्यांतच होतो. पण आकडा सारखा असला तरी पाऊस सारखा नाही. आपला पाऊस उन्हाच्या दिवसांत येतो, निम्मा वाफ होऊन उडून जातो. तिथला थंडीत येतो, हलका पडतो, जमिनीत मुरतो. म्हणून तेवढ्याच पाण्यावर गहू-जव पाटपाण्याशिवाय पिकतात. नोव्हेंबरात पेरायचे आणि मेमध्ये कापायचे. पुढे पाच महिने जमीन उन्हात तापत पडते. आपल्याकडे उन्हाळी नांगरट करून रान तापवतात, तशी तिथे निसर्गच तापवतो.

असे उलटे का, हा प्रश्न मला सारखा पडायचा. उत्तर कळले तेव्हा नवल वाटले, कारण त्या उत्तरात आपणही आहोत. उन्हाळ्यात आपल्या देशावर मॉन्सूनचे ढग जमतात तेव्हा प्रचंड हवा वर चढते. वर चढलेली हवा कुठे तरी खाली उतरणारच. ब्रिटनमधल्या रॉडवेल आणि हॉस्किन्स या दोन हवामानशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की आशियातल्या मॉन्सूनच्या या उलाढालीमुळे पूर्व भूमध्य समुद्रावर आणि त्याच्या आसपासच्या वाळवंटांवर हवा खाली दबते. खाली येणारी हवा तापते आणि कोरडी होते, तिथे ढग धरत नाही. म्हणजे आपल्या शिवारात पाऊस पडतो त्याच दिवसांत त्यांचे आभाळ कोरडे राहते आणि त्याला आपला मॉन्सून थोडाफार जबाबदार आहे.

थंडीत याची परतफेड होते. भूमध्य समुद्रावर तयार होणारे कमी दाबाचे पट्टे सायप्रसवर पाऊस पाडून पूर्वेला निघतात. इराण, अफगाणिस्तान ओलांडून ते हिमालयाशी येतात. यांनाच आपल्याकडे पश्चिमी झंझावात म्हणतात. काश्मीरचे बर्फ आणि पंजाब-हरियाणाच्या गव्हाला मिळणारा थंडीतला पाऊस हे त्यांचेच देणे. पण क्वचित ते दक्षिणेकडे जास्त झुकतात. वरची थंड हवा आणि आपल्या समुद्रांवरून येणारी दमट हवा यांची गाठ पडते आणि मग गारा होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कोणी विसरले नसेल. आमच्या बागेतला माल आठ दिवसांत निघणार होता. वीस मिनिटांत घडांचा चिखल झाला आणि ओलांड्यांची साल सोलून निघाली. लिमासोलच्या समुद्रकाठी फेब्रुवारीत काळे ढग पश्चिमेकडून येताना मी पाहिले, तेव्हा तिथली माणसे आनंदाने खिडक्या उघडत होती. माझ्या पोटात मात्र गोळा आला. ढग तेच, पण एकाच्या घरी ते पाहुणे आणि दुसऱ्याच्या घरी दरोडेखोर.

मुलाच्या कचेरीतल्या एका बाईंचे वडील त्रोदोसच्या दक्षिण उतारावर द्राक्षे करतात. त्या भागातल्या गावांना दारूच्या द्राक्षांची गावे म्हणूनच ओळखतात. म्हातारबा ऐंशीच्या घरातले. १९६० पर्यंत बेटावर इंग्रजांचे राज्य होते, त्यामुळे त्यांना मोडके इंग्रजी येत होते आणि आमच्या ह्यांनाही तेवढेच मोडके येते. दोघांचे छान जमले. बाग पाहून मात्र आम्ही बुचकळ्यात पडलो. मांडव नाही, तार नाही, ठिबकच्या नळ्या नाहीत. दगडी ताली घातलेल्या उतारावर गुडघ्याएवढी खोडे, हाताच्या मुठीसारखी वळलेली, पाच-सहा हात अंतरावर उभी. जानेवारीत पान नव्हते. पाणी कधी देता, असे ह्यांनी विचारले तर म्हातारबांनी आभाळाकडे बोट दाखवले.

आपल्याकडे द्राक्षवेल झोपत नाही. थंडी तेवढी नसते, म्हणून आपण तिला एप्रिलमध्ये खरड छाटणीने आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणीने जागी करतो. वर्षात दोन छाटण्या आणि पिकाच्या वाढीत डावण्या-भुरीच्या फवारण्या मोजायच्या सोडूनच दिलेल्या बऱ्या. तिथे वेल थंडीत खरोखर झोपते. फेब्रुवारीत एक छाटणी, मार्च-एप्रिलमध्ये फूट, आणि काढणी ऑगस्टच्या पुढे. वाढीचा बहुतेक काळ कोरडा, म्हणून डावण्याचा त्रास फार नाही, भुरीसाठी गंधकाची भुकटी मारली की झाले. उत्पन्न मात्र आपल्या एकरी उत्पन्नाच्या जवळपासही नाही. म्हातारबांनी ते सांगताना खांदे उडवले. मुले शहरात गेली, बाग कोणी घेत नाही, हेही त्यांनी त्याच सुरात सांगितले. हे दुखणे आपल्यालाही ओळखीचे आहे.

एक गोष्ट मात्र त्यांनी छाती फुगवून सांगितली. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीने सगळ्या युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या. तेव्हापासून तिथे अमेरिकन खुंटावर कलम केल्याशिवाय द्राक्ष लावत नाहीत. सायप्रसला ती कीड पोचली नाही. त्यामुळे तिथल्या जुन्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आपण डॉगरिजच्या खुंटावर डोळा भरतो, त्यांना त्याची गरज पडलेली नाही.

बायकांना सांगण्यासारखे म्हणजे, द्राक्षाचा रस पिठात आटवून त्यात दोऱ्यात ओवलेले बदाम पुन्हा पुन्हा बुडवतात आणि वाळवतात. मेणबत्त्या ओतल्यासारख्या त्या लांब माळा प्रत्येक गावच्या दुकानात टांगलेल्या असतात. चवीला आपल्या आंबापोळीच्या जवळची. मी करून पाहिले, पण आमच्या थॉम्सनच्या रसाला तो रंग येत नाही.

पाण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा सगळ्या बंधाऱ्यांत मिळून साठ लाख घनमीटर पाणी मावत होते. 'समुद्राला एक थेंबही जाऊ द्यायचा नाही' अशी घोषणा देऊन त्यांनी लहानमोठी शंभरावर धरणे बांधली. आज क्षमता तेहतीस कोटी घनमीटरच्या आसपास आहे. आपल्या भाषेत जेमतेम बारा टीएमसी. आमच्या एकट्या उजनीत याच्या दहापट पाणी मावते! सगळ्यांत मोठे कूरिस धरण १९८८ मध्ये पुरे झाले, साधारण चार टीएमसीचे. तिथून शंभर किलोमीटरहून लांब नळाने पूर्वेच्या लाल मातीच्या गावांना पाणी जाते. ती बटाट्याची गावे. तिथे विहिरींतून इतका उपसा झाला, की समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरले. आपल्या किनाऱ्यालगतच्या गावांनी हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कूरिसच्या पोटात अलास्सा नावाचे जुने गाव बुडाले आहे. पाणी उतरले, की त्याचे देऊळ, म्हणजे चर्च, वर येते. उजनीत पळसदेवचे देऊळ वर येते तसेच. देऊळ दिसले की आपल्या पोटात कालवते, तिथल्या लोकांच्याही. २००८ मध्ये धरणे अशी आटली, की ग्रीसहून जहाजांतून पिण्याचे पाणी आणावे लागले. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, ती गाडी आमच्या पंढरपूरवरूनच जात असे. म्हातारबांना ते सांगितले तर त्यांनी नुसता माझा हात थोपटला. आता तिथे समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने आहेत. शहरे त्यावर तगतात, पण ते पाणी महाग, शेताला परवडत नाही.

रानातल्या जनावरांत मान आहे तो अग्रिनो या रानमेंढ्याचा. वळणदार शिंगे, तांबूस अंग. तिथल्या सेंटच्या छोट्या नाण्यांवर त्याचे चित्र असते. १९३० च्या दशकात हे जनावर पंधरावीसच उरले होते. पाफोसच्या जंगलात शिकार बंद झाली, बकऱ्यांनाही बंदी आली आणि आज त्यांची संख्या तीन हजारांच्या घरात आहे. मला गंमत वाटली ती निराळीच. शास्त्रज्ञ म्हणतात, हा मूळचा रानटी नव्हेच. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पहिल्या वसाहतकऱ्यांनी होड्यांतून आणलेल्या, नुकत्याच माणसाळू लागलेल्या मेंढ्यांतली काही रानात पळाली, त्यांचा हा वंश. त्याहून आधी इथे गुडघ्या-कमरेएवढे बुटके हत्ती आणि डुकराएवढे पाणघोडे होते, त्यांची हाडे समुद्रकाठच्या एका गुहेत ढिगाने सापडली आहेत.

मांजरे तर विचारू नका. प्रत्येक गल्लीत दहा. साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेले मांजर याच बेटावर सापडले. लिमासोलजवळ एक मठ मांजरांचाच म्हणून प्रसिद्ध आहे. चौथ्या शतकात मोठा दुष्काळ पडून सापांचा सुळसुळाट झाला, तेव्हा राणी हेलेनाने जहाजभर मांजरे पाठवली अशी तिथली आख्यायिका. साप अजूनही आहेत. माणसाला खरा धोका एकाच जातीचा, आपल्या घोणशीच्या कुळातला. एक काळा बिनविषारी साप असतो, त्याला शेतकरी मारत नाहीत, तो घोणशीला जवळ येऊ देत नाही असे मानतात. आपल्याकडेही शहाणा शेतकरी धामणीला मारत नाही.

हिवाळ्यात लार्नाका गावाजवळच्या मिठाच्या तळ्यावर हजारो रोहित पक्षी उतरतात. भिगवणला पाहिलेले असल्याने मला ते माहेरचे वाटले. सायप्रस हे पक्ष्यांच्या वाटेवरचे धर्मशाळेसारखे बेट आहे. युरोपातून आफ्रिकेत जाताना आणि परतताना लाखो लहान पक्षी इथे दम घेतात. आणि इथेच त्यांना काड्यांवर चिकटवून धरतात. काडीला लावायचा चीक कशाचा, तर भोकराचा! तेच झाड, ज्याच्या फळांचे आपण लोणचे घालतो. एका अंगणात फळे लागलेले ते झाड मी लगेच ओळखले आणि कौतुकाने बोलले, तर घरमालकीण गप्प झाली. भोकराचा गर शिजवून काड्यांना फासतात आणि त्या झाडांत खोचतात. त्यावर बसलेला चिमणीएवढा पक्षी पुन्हा उडत नाही. या पक्ष्यांचे जेवण चोरून फार महाग विकले जाते. १९७४ पासून हे कायद्याने बंद आहे, पण पुरते थांबलेले नाही. गरिबांचे ते पूर्वी मांस होते हे मला समजते. आता तो श्रीमंतांचा चोरटा चोचला झाला आहे आणि त्याची कड घेण्यासारखे मला काही सापडले नाही.

१९७४ म्हटले की तिथल्या माणसाला आठवते ते निराळे. त्या वर्षी तुर्की फौजा उतरल्या आणि बेट दुभंगले. अजूनही मधून सुमारे १८० किलोमीटर लांबीचा पट्टा संयुक्त राष्ट्रांच्या पहाऱ्यात आहे. त्याआधीच्या दंगलींपासून ही शांतिसेना तिथे आहे. आपले माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या तिचे प्रमुख असताना डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच वारले. सायप्रसने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. त्या पट्ट्यातली काही गावे पन्नास वर्षे ओस आहेत. घरांत झाडे वाढली आहेत आणि अग्रिनोचे कळप तिथे निवांत चरतात.

दुसऱ्या खेपेला, २०२४ च्या जुलैत, तेच बेट ओळखू येईना. हिरवे सारे करडे झाले होते. राजधानी निकोसियात चाळीस अंश म्हणजे रोजचे. २०२० च्या सप्टेंबरात तिथे पारा ४६ च्याही वर गेला होता. रस्त्याने जाताना जळालेल्या पाइनच्या खोडांचे उतार दिसले. जुलै २०२१ मध्ये अराकापास गावाजवळ लागलेल्या आगीत पन्नास चौरस किलोमीटरांहून जास्त मुलूख जळाला आणि शेतावर मजुरीला आलेली चार इजिप्शियन माणसे पळता पळता गेली. दुसऱ्याच्या मुलखात पोटासाठी गेलेली माणसे. वाटा ठाऊक नसतात. ऊसतोडीला गेलेल्या आपल्या माणसांची मला त्या उतारावर आठवण झाली. म्हातारबांचे म्हणणे असे, की पूर्वी बागा कसलेल्या होत्या, बकऱ्या वाळले गवत खात होत्या, म्हणून आग गावापर्यंत येत नसे. आता पडीक ताली गवताने भरल्या आहेत. जंगलात बकरी नको हे खरे, पण पडीक रानात ती हवी, असा त्यांचा हिशेब. मला तो पटला.

२०२५ च्या जुलैत आग त्यांच्याच भागात आली. द्राक्षांच्या गावांतून ती दोन दिवस फिरली, शंभर चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेश जळाला, दोन माणसे दगावली. मुलाचा फोन आला तेव्हा आम्ही बागेतच होतो. म्हातारबांना लेकीने आदल्या संध्याकाळी शहरात आणले होते. घर राहिले. बाग निम्मीच राहिली.

यांनी मुलाला पहिला प्रश्न विचारला तो मुळे जिवंत आहेत का, हा. आपल्या बागेत खोड वरून जळाले, तर खालून फुटेल तो डॉगरिजचा खुंट. त्याला द्राक्ष लागून उपयोगाचे नाही. पुन्हा कलम करा, पुन्हा दोन वर्षे थांबा. त्यांची वेल मात्र स्वतःच्याच मुळावर आहे, जे फुटेल ते मूळचेच वाण. ऑक्टोबरच्या शेवटी मुलगा जाऊन आला आणि त्याने फोटो पाठवला. कोळशासारख्या काळ्या खोडांच्या बुडातून कुठे कुठे हातभर फूट निघाली होती. चाळीस खोडांपर्यंत मोजून म्हातारबांनी मोजणे सोडले म्हणे. पुढचे फेब्रुवारीत छाटणीच्या वेळी बघू, असे त्यांनी सांगितले आहे. यांनी उलटा निरोप दिला, की एका खोडावर दोनच फुटी ठेवा, बाकीच्या आताच काढून टाका. म्हातारबांना ते मान्य नाही. वाद चालू आहे.